उधारीवर माल देण्याआधी कंपनीची एकूण देणी कशी मोजायची

नागपूरजवळच्या बुटीबोरी किंवा हिंगण्यातल्या एखाद्या कंपनीची मोठी ऑर्डर येते आणि सोबत अट असते, पैसे साठ दिवसांनी. इतवारीतला जुना व्यापारी अशा वेळी बाजारात चौकशी करतो. पार्टी कशी आहे, चेक कधी परत गेला का, कोणाचे पैसे अडकलेत? ही चौकशी कराच. पण पार्टी प्रायव्हेट लिमिटेड किंवा लिमिटेड असेल तर तिचा ताळेबंद सरकारदरबारी जमा असतो आणि शंभर रुपयांत तो कोणालाही पाहता येतो. तो हातात आला की बहुतेकांची नजर आधी नफ्यावर जाते. उधारी देणाऱ्याने आधी देणी मोजावीत. माल उतरवला की आपणही तिच्या दारात पैसे मागणाऱ्यांच्या रांगेत उभे राहतो, आणि आपल्या पुढे कितीजण आहेत हे देण्यांच्या बाजूलाच कळतं.

कागद कुठून आणायचे

कंपनीच्या बिलावर किंवा लेटरहेडवर २१ अक्षरी सीआयएन, म्हणजे कंपनीचा नोंदणी क्रमांक असतो. तो छापणं कायद्याने बंधनकारक आहे. पहिलं अक्षर 'एल' असेल तर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली, 'यू' असेल तर नाही. नोंदलेल्या कंपनीचा वार्षिक अहवाल तिच्या वेबसाइटवर फुकट मिळतो. 'यू' वाल्या कंपनीसाठी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर लॉगिन करून सार्वजनिक कागदपत्रं पाहण्याची सेवा घ्यायची. १०० रुपये भरल्यावर त्या कंपनीची कागदपत्रं ठरावीक वेळेपुरतीच उघडी राहतात, म्हणून लगेच उतरवून घ्या. हवा असतो तो फॉर्म एओसी-४ आणि त्याची जोडपत्रं: ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, टिपा आणि ऑडिटरचा अहवाल. ताळेबंदाचं एक पान घेऊन थांबू नका. देण्यांचा खरा तपशील टिपांमध्ये असतो.

वाचायला बसण्याआधी पानाच्या वरच्या कोपऱ्यात तीन गोष्टी पाहा. पहिली तारीख. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत आणि एओसी-४ त्यानंतर ३० दिवसांत, असा हिशोब असतो. म्हणजे जानेवारीत तुम्ही पाहता तो ताळेबंद मागच्या ३१ मार्चचा, नऊ महिने शिळा. दुसरी गोष्ट, 'स्टँडअलोन' (एकट्या कंपनीचा) की 'कन्सॉलिडेटेड' (समूहाचा एकत्रित). बिल ज्या कंपनीच्या नावावर फाडणार तिचाच स्टँडअलोन ताळेबंद धरायचा. समूहाच्या एकत्रित ताळेबंदातली श्रीमंती तुमच्या बिलाला कामी येत नाही.

तिसरी गोष्ट एकक. इथे चांगले चांगले फसतात. १०० कोटींपेक्षा कमी उलाढालीच्या कंपन्यांना आकडे शेकडा, हजार, लाख किंवा दशलक्षात देता येतात, आणि पुष्कळ छोट्या कंपन्या 'रुपये शेकड्यांत' छापतात. तिथे ६,८०,००० असं दिसलं तर ते सहा लाख ऐंशी हजार नाहीत, सहा कोटी ऐंशी लाख आहेत.

बेरीज

कंपनी कायदा २०१३ च्या शेड्युल तीनमध्ये ताळेबंदाचा नमुना ठरवून दिलेला आहे. त्यात 'इक्विटी अँड लायबिलिटीज' या बाजूच्या शेवटी एक मोठी बेरीज असते. ती एकूण देणी नव्हे. त्यात मालकांचं भांडवलही मिसळलेलं असतं. साध्या कंपन्यांच्या नमुन्यात 'एकूण देणी' अशी ओळच नसते, ती आपणच काढायची असते.

पुढची सगळी उदाहरणं बुटीबोरीतल्या एका काल्पनिक पॅकेजिंग कंपनीची आहेत. तारीख ३१ मार्च २०२५, आकडे लाख रुपयांत.

भागभांडवल: २००
राखीव निधी व साठलेला नफा: ६४०
दीर्घ मुदतीची कर्जं: ७६०
डेफर्ड टॅक्स: ५५
इतर दीर्घ मुदतीची देणी: २५
दीर्घ मुदतीच्या तरतुदी: ४०
अल्प मुदतीची कर्जं: ७९०
पुरवठादारांची देणी, सूक्ष्म व लघु उद्योग: ७०
पुरवठादारांची देणी, इतर: ६१०
इतर चालू देणी: २३०
अल्प मुदतीच्या तरतुदी: २०
एकूण: ३,४४०

पहिल्या दोन ओळी मालकांच्या, ८४०. त्यांच्यानंतरच्या चार ओळी मिळून ८८०, ही एक वर्षानंतर द्यायची देणी. उरलेल्या पाच मिळून १,७२०, ही वर्षभरात द्यायची चालू देणी. एकूण देणी २,६००. उलटून तपासा: ३,४४० वजा ८४० बरोबर २,६००. जुळलं नाही तर बहुधा 'शेअर ॲप्लिकेशन मनी पेंडिंग अलॉटमेंट' ही ओळ सुटलेली असते. ती भांडवल आणि देणी यांच्या मधोमध बसते. शेअर ६० दिवसांत वाटले नाहीत तर पुढच्या १५ दिवसांत ते पैसे परत करावे लागतात, म्हणून उधारी देणाऱ्याने ती रक्कम देण्यांतच धरावी.

आणखी एक अडचणीची ओळ म्हणजे प्रेफरन्स शेअर. साध्या लेखामानकांत परत करायचे प्रेफरन्स शेअरही भांडवलातच दिसतात. इंड-एएस ही वेगळी लेखामानकं लागू असलेल्या मोठ्या कंपन्यांत तेच देणं म्हणून दिसतं. दोन कंपन्यांची तुलना करताना हे सारखं करून घ्या. परतफेडीची तारीख टिपेत दिलेली असेल तर ते देणंच आहे.

बँका, विमा कंपन्या आणि पतसंस्थांना ही पद्धत लावू नका. त्यांच्याकडे ठेवी हेच देणं असतं, त्यांचा नमुनाही वेगळा आणि पाहायच्या गोष्टीही वेगळ्या.

एकेक ओळ उघडून

आता टिपा काढा आणि प्रत्येक आकड्याच्या पोटात काय आहे ते पाहा. दीर्घ मुदतीच्या ७६० मध्ये बँकेचं टर्म लोन ४६० आणि संचालक व त्यांच्या नातेवाइकांकडून घेतलेलं विनातारण कर्ज ३००. अल्प मुदतीच्या ७९० मध्ये कॅश क्रेडिट (खेळत्या भांडवलासाठीची बँकेची उचल) ६५० आणि टर्म लोनचे येत्या वर्षात फेडायचे हप्ते १४०. हे हप्ते १ एप्रिल २०२१ पासूनच्या नमुन्यात अल्प मुदतीच्या कर्जात दाखवायचे असतात. आधी ते 'इतर चालू देणी'त असत. त्यामुळे २०२१ च्या आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची थेट तुलना केली तर अल्प मुदतीचं कर्ज उगाच फुगल्यासारखं वाटतं.

डेफर्ड टॅक्सचे ५५ कोणाच्या दारात न्यायचे नसतात. आयकरात घसारा जास्त आणि पुस्तकात कमी धरल्यामुळे तयार झालेला तो फरक आहे. यंत्रं घेणं चालू राहिलं तर तो पुढे पुढे सरकत राहतो. तो बेरजेत ठेवा, पण त्याच्यापायी झोप घालवून घेऊ नका.

इतर दीर्घ मुदतीच्या देण्यांत इथे डीलरांच्या अनामत रकमा आहेत. विदर्भातल्या कारखान्यांना राज्याच्या प्रोत्साहन योजनेत जास्त सवलती मिळतात, आणि इंड-एएसवाल्या कंपन्यांत त्या अनुदानाचा अजून उत्पन्नात न धरलेला भाग 'डेफर्ड इन्कम' म्हणून देण्यांत बसलेला दिसतो. तो अटी मोडल्या तरच परत करायचा असतो.

तरतुदींमध्ये मुख्यतः ग्रॅच्युइटी असते, दर वर्षाच्या सेवेला पंधरा दिवसांचा पगार. कामगार जुने आणि तरतूद शून्य, असं दिसलं तर देणी कमी दाखवली आहेत हे धरून चाला. खाण कंपन्यांचं वेगळं. नागपुरात मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफील्ड्ससारख्या कंपनीला खाण बंद झाल्यावर जमीन सावरण्याच्या खर्चाची तरतूद करावी लागते, आणि ती अनेक वर्षांपुढची असते.

पुरवठादारांची ओळ आपल्या सर्वांत जवळची. 'ट्रेड पेएबल्स' दोन भागांत असतात: सूक्ष्म व लघु उद्योगांचे, आणि बाकीच्यांचे. टिपेत वयाप्रमाणे तक्ता असतो: एक वर्षाच्या आत, एक ते दोन, दोन ते तीन, तीन वर्षांवर. वादातली देणी वेगळी. दोन-तीन वर्षांच्या रकान्यात आकडे असतील आणि ते 'वादातली' म्हणून दाखवलेले नसतील, तर कंपनी कोणाला तरी नुसतंच थांबवून ठेवते आहे. सूक्ष्म-लघुच्या ओळीत शून्य दिसलं तर खूश होऊ नका. पुष्कळदा कंपनीने पुरवठादारांना उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) विचारलेलीच नसते. तुमची नोंदणी असेल तर उद्यम क्रमांक बिलावर छापा. करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, असं छोट्या उद्योगांसाठीचा एमएसएमईडी कायदा २००६ सांगतो. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीचं व्याज लागतं. शिवाय १९६१ च्या आयकर कायद्यात २०२३ साली आलेल्या ४३बी(एच) कलमामुळे मुदत टळलेल्या बिलाची वजावट प्रत्यक्ष पैसे दिल्यावरच मिळू लागली. साठ दिवसांची अट लघु उद्योगाच्या पुरवठादाराला घालणं म्हणजे कायद्याच्या मुदतीपलीकडे जाणं आहे, हे समोरच्या अकाउंटंटला माहीत असतं. बोलणीत हे काढायला लाजू नका.

इतर चालू देण्यांच्या २३० मध्ये ग्राहकांचे आगाऊ ११०, जीएसटी-टीडीएस-पीएफ ४८, यंत्रांच्या पुरवठादारांचे ५२, बँकेचं साचलेलं व्याज ६ आणि पगार वगैरे १४. ग्राहकांचा आगाऊ पैसा माल देऊन फिटतो, म्हणून तो सहसा चांगलं लक्षण. पण तोच पैसा ३६५ दिवसांत मालात वळता झाला नाही तर नियमांप्रमाणे तो 'ठेव' ठरू शकतो, आणि मग दुखणं वेगळं. यंत्रांचे ५२ 'ट्रेड पेएबल्स'मध्ये येत नाहीत, ते इथे लपतात. यंत्राचा पुरवठादार थकलेला असेल तर कच्च्या मालवाल्याची पाळी येणारच.

रांग लावून पाहा

एकूण २,६०० हा आकडा एकटा फार बोलत नाही. तो तीन ढिगांत मोडा: माझ्या पुढे कोण, माझ्याबरोबर कोण, आणि कोणाचंच नाही ते.

कंपनी बुडाली आणि दिवाळखोरी संहितेखाली अवसायनात गेली, म्हणजे विकून गुंडाळायला निघाली, तर पैसे कोणत्या क्रमाने वाटायचे हे २०१६ च्या त्या कायद्याच्या कलम ५३ मध्ये आहे. आधी प्रक्रियेचा खर्च. मग कामगारांची २४ महिन्यांची थकबाकी आणि तारणवाली बँक, बरोबरीने. मग इतर कर्मचारी. मग विनातारण आर्थिक कर्ज देणारे. मग सरकारी देणी. व्यापारी पुरवठादार त्यानंतर, सहाव्या पायरीवर.

आपल्या कंपनीत बँकेचे ४६०, १४०, ६५० आणि व्याजाचे ६, मिळून १,२५६. पगार १४ आणि कर्मचाऱ्यांच्या तरतुदी ६०. संचालकांचं कर्ज ३००. सरकारी ४८. पुढे उभे असलेल्यांचे १,६७८. तुमच्याबरोबर पुरवठादारांचे ६८०, ग्राहकांचे ११०, यंत्रवाल्यांचे ५२ आणि डीलरांचे २५, एकूण ८६७. उरलेले ५५ डेफर्ड टॅक्सचे. ढोबळ मांडणी आहे, पण पुरेशी आहे.

संचालकांच्या ३०० वर जरा थांबा. बँक हे कर्ज भांडवलासारखं धरते, कारण बँकेचं कर्ज फिटेपर्यंत ते काढणार नाही असं तिने लिहून घेतलेलं असतं. तुम्ही असं काही लिहून घेतलेलं नाही. त्यामुळे 'प्रमोटरचे पैसेच आहेत ना' म्हणून ते देण्यांतून वजा करणं बँकेला परवडतं, पुरवठादाराला नाही. कागदोपत्री ते तुमच्या पुढे आहेत. व्यवहारात तर कंपनी अडचणीत येते आहे असं दिसताच हेच पैसे सर्वांत आधी निघतात. मागच्या दोन वर्षांचे आकडे लावून पाहा. नफा घसरत असताना संचालकांचं कर्ज कमी होत असेल तर तिथेच सावध व्हा.

आता दुसरी बाजू. समजा याच कंपनीची मालमत्ता अशी: कारखाना-यंत्रं १,६००, सॉफ्टवेअर वगैरे ४०, इतर ३०, साठा ७२०, ग्राहकांकडून येणं ८९०, रोख-बँक ४५, दिलेले आगाऊ ११५. घाईच्या विक्रीत यंत्रांना आणि साठ्याला निम्मी किंमत, येण्यांपैकी साठ टक्के वसूल, रोख पूर्ण, बाकी शून्य असं धरलं तर हाती येतात १,७३९. पुढच्यांचे १,६७८ गेले की ६१ उरतात आणि ते ८६७ मध्ये वाटायचे. रुपयाला सात पैसे, तेही प्रक्रियेचा खर्च वजा करण्याआधी. हे टक्के तुमच्या धंद्याच्या अनुभवाने बदला. स्क्रॅपला उठाव असलेल्या यंत्रांना जास्त धरा, छापील पॅकिंगच्या साठ्याला जवळजवळ काहीच धरू नका. ग्राहकाचं नाव छापलेली पिशवी दुसरं कोणी घेत नाही.

गुणोत्तरं, मोजकीच

बँकेच्या माणसाला विचारलं तर तो एकूण बाहेरची देणी भागिले निव्वळ मूर्त मालकी हे गुणोत्तर सांगेल. मालकी ८४० मधून सॉफ्टवेअर-गुडविलचे ४० काढले की ८००. २,६०० भागिले ८००, म्हणजे ३.२५. संचालकांचं कर्ज भांडवलात धरलं तर तेच २,३०० भागिले १,१००, म्हणजे २.०९. कंपनीचा माणूस तुम्हाला दुसरा आकडा सांगेल. तो खोटा नाही, पण तो बँकेच्या खुर्चीतून काढलेला आहे.

कर्ज आणि देणी यांत गल्लत करू नका. इथलं कर्ज १,५५०, मालकीशी त्याचं प्रमाण १.८५. 'आमचं डेट-इक्विटी दोनच्या आत आहे' हे वाक्य खरं असतं आणि त्याच वेळी पुरवठादारांचे पैसे दुपटीने तुंबलेले असू शकतात, कारण पुरवठादार त्या गुणोत्तरात मोजलेच जात नाहीत.

चालू गुणोत्तर: चालू मालमत्ता १,७७० भागिले १,७२०, म्हणजे १.०३. येण्यांच्या वयाच्या तक्त्यात १६० एक वर्षावरची असतील तर ती काढा. १,६१० भागिले १,७२०, ०.९४. वर्षभरात द्यायचं जास्त, यायचं कमी.

पुरवठादारांना सरासरी किती दिवसांनी पैसे मिळतात हे काढताना एक चूक सगळेच करतात. वर्षाची खरेदी ४,१०० आणि देणी ६८०, म्हणून ६८० भागिले ४,१०० गुणिले ३६५, उत्तर साडेसाठ दिवस. पण नफा-तोटा पत्रकातली खरेदी जीएसटीशिवाय असते आणि देण्यातलं बिल जीएसटीसह. १८ टक्के कर धरून खरेदी ४,८३८ होते आणि उत्तर ५१ दिवस येतं. हा खरा आकडा. आदल्या वर्षी खरेदी ३,८०० आणि देणी ४३०, म्हणजे त्याच पद्धतीने ३५ दिवस. खरेदी ८ टक्के वाढली, पुरवठादारांची देणी ५८ टक्के. वर्षभरात एकूण देणी २,११० वरून २,६०० झाली, आणि त्या ४९० पैकी २५० पुरवठादारांनी सोसलेत. बँकेने हात आखडला की कंपनी पुरवठादारांना बँक करते, ते असं दिसतं.

बेरजेच्या बाहेर काय राहिलं

'कंटिंजंट लायबिलिटीज' ही टीप शेवटी कुठेतरी असते आणि ती बेरजेत नसते. ही संभाव्य देणी: घडलं तर द्यावं लागेल असं. समजा इथे बँक गॅरंटी ६०, जीएसटीची वादातली मागणी ८५ आणि भगिनी कंपनीच्या कर्जाला दिलेली हमी ५००. पहिल्या दोन नेहमीच्या. तिसरी पाहून मात्र थांबा. मालकी ८४० आणि हमी ५००. मग ती भगिनी कंपनीही शंभर रुपये भरून तपासा. तिची पत ढासळलेली असेल तर ५०० सरळ देण्यांत मिळवा आणि सगळी गुणोत्तरं पुन्हा काढा.

बँकेत वटवलेली बिलंही कधीकधी इथेच सापडतात. ग्राहकाने पैसे दिले नाहीत तर बँक ते कंपनीकडून वसूल करणार असेल, तर ते कर्जच आहे. भाड्याची गोदामं हीसुद्धा एक पळवाट. इंड-एएस ११६ लागू असलेल्या कंपन्यांना २०१९-२० पासून भाडेकराराचं देणं ताळेबंदात आणावं लागतं, साध्या कंपन्यांना नाही. एमआयडीसीच्या ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याची चिंता करू नका, तिथे बहुतेक रक्कम सुरुवातीलाच भरलेली असते. पण मिहान परिसरात मोठं गोदाम नऊ वर्षांच्या कराराने घेतलेलं असेल तर टिपेतलं भाडं वाचा.

३१ मार्चची रंगरंगोटी

ताळेबंद एका संध्याकाळचा फोटो आहे आणि फोटोसाठी लोक केस विंचरतात. ग्राहकांकडून मार्चअखेर वसुली रेटायची, ती कॅश क्रेडिटमध्ये भरायची, ३१ तारखेला कर्ज कमी दिसतं, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा वर. पकडायचा सोपा उपाय व्याज. नफा-तोटा पत्रकात 'फायनान्स कॉस्ट' १९० आहे. वर्षाच्या सुरुवातीचं कर्ज १,३६०, अखेरचं १,५५०, सरासरी १,४५५. म्हणजे व्याजाचा दर १३ टक्के. बँकेचा दर दहाच्या आसपास असेल तर वर्षभर सरासरी कर्ज १,९०० च्या जवळ होतं. थोडा फरक बँक चार्जेस, एलसीचं (पतपत्राचं) कमिशन आणि उशिरा भरलेल्या करावरच्या व्याजाने येतो, त्याची फोड टिपेत असते. ती वजा करूनही फरक उरला तर खरं कर्ज ताळेबंदात दिसतं त्यापेक्षा जास्त आहे.

हंगामी धंद्यात उलटंही होतं. विदर्भातल्या जिनिंग-प्रेसिंगवाल्यांचा कापूस हिवाळ्यात येतो, त्यामुळे मार्चअखेर गाठी गोदामात आणि कर्ज डोक्यावर असतं, पावसाळ्यापर्यंत दोन्ही उतरतात. अशा कंपनीची मार्चची देणी पाहून घाबरू नका. साठा आणि कॅश क्रेडिट बरोबरीने चढलेत का एवढं पाहा. कर्ज चढलं आणि साठा नाही, तर पैसा दुसरीकडे गेला.

ऑडिटरच्या अहवालाला जोडलेला 'कारो २०२०' या सरकारी आदेशाचा भाग इथे फार उपयोगी पडतो. लहान खासगी कंपन्यांना तो लागू नाही, पण असेल तर चार ठिकाणं वाचा: सहा महिन्यांवर थकलेली, वाद नसलेली सरकारी देणी, बँकेचे हप्ते चुकले का, अल्प मुदतीचा पैसा दीर्घ कामाला वापरला का, आणि वर्षभरातली देणी कंपनी फेडू शकेल का यावर ऑडिटरचं मत. पाच कोटींवर खेळतं भांडवल मंजूर असेल तर बँकेला दिलेली तिमाही पत्रकं पुस्तकांशी जुळतात का हेही तिथे असतं. ज्या कंपनीचा पीएफ थकतो तिच्याकडे रोख खरोखर संपलेली असते, कारण पीएफ थकवण्याचे परिणाम सगळ्यांना माहीत असतात.

नऊ महिन्यांची फट

मार्चनंतर काय झालं हे ताळेबंद सांगत नाही. एमसीएवर कंपनीच्या तारणबोजांची यादी, 'इंडेक्स ऑफ चार्जेस', पाहा. नवं तारणी कर्ज घेतलं की बोजा नोंदवायचा फॉर्म सीएचजी-१ साधारण ३० दिवसांत भरावा लागतो, म्हणून मार्चनंतरच्या तारखेचा बोजा दिसला तर कर्ज वाढलं असं समजा. दोन सावधगिऱ्या. तिथे दिसते ती मंजूर मर्यादा, उचललेली रक्कम नव्हे. आणि फिटलेल्या कर्जाचा बोजा उतरवायचा फॉर्म सीएचजी-४ भरायला कंपन्या विसरतात, त्यामुळे आठ वर्षांपूर्वीचा बोजा जिवंत दिसेल. त्यासाठी बँकेचं ना-देय पत्र मागा. बँकेऐवजी अचानक एखाद्या बिगर-बँक वित्त कंपनीचा बोजा चढला असेल, तर बँकेने आणखी पैसे द्यायला नकार दिला होता का, हे सरळ विचारा.

विचारायचंच असेल तर आणखी दोन कागद मागा: चालू तिमाहीचं अंतरिम पत्रक आणि मागच्या महिन्याची पुरवठादारांची वयवार यादी. दुसरा कागद द्यायला कंपनी सहसा कां-कूं करते. नावं झाकून दिली तरी चालेल, रकाने महत्त्वाचे.

मग मर्यादा ठरवा. आपल्या उदाहरणातल्या कंपनीला दरमहा १० लाखांचा माल साठ दिवसांच्या उधारीवर दिला तर कोणत्याही क्षणी २० लाख बाहेर असतील, आणि पैसे यायला आणखी पंधरा दिवस लागले तर २५. ती रक्कम रुपयाला सात पैशांनी परत आली तर तुमचा धंदा उभा राहील का, हे आधी पाहा. पुरवठादार म्हणून दिवाळखोरीचा अर्ज करायचा तर किमान थकबाकी एक कोटी लागते आणि नागपूरच्या कंपनीसाठीही एनसीएलटी या कंपनी न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ गाठावं लागतं. म्हणजे २५ लाखवाल्याला तो रस्ता बंदच. त्याच्या हातात थकलेल्या बिलांचे वाद सोडवणारी एमएसएमईची सुविधा परिषद आणि दिवाणी दावा उरतो. अशा कंपनीला पहिल्या तीन महिन्यांत अर्धे पैसे आगाऊ आणि उरलेले तीस दिवसांनी, एवढंच मान्य करा. तीन बिलं वेळेवर आली की दिवस वाढवा, आणि सप्टेंबरनंतर नवा ताळेबंद जमा झाला की पुरवठादारांचे ५१ दिवस कुठे गेले ते पुन्हा काढा.